कोपऱ्यातली सही

बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी तळाला, पेंटरने आपली सही करावी आणि ती बोटाच्या पेराहून मोठी नसावी, असा आमच्या धंद्यातला जुना रिवाज. पैसे गिऱ्हाइकाचे, भिंत गिऱ्हाइकाची. आपलं नाव शोधणाऱ्यालाच दिसावं. आमच्या उस्तादांची सही वीतभर असायची. पिवळी अक्षरं, लाल शेड, खाली तलवारीसारखी एक रेघ. उल्हासनगरात कॅम्प 3 मधल्या एका कापडवाल्याने एकदा खालून विचारलं, "उस्ताद, दुकान मेरा है या आपका?" रस्त्यावरचे चार लोक हसले. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी ब्रश पुसला, डबे उचलायची मला खूण केली आणि शिडीवरून उतरून सरळ चालू लागले. त्या दुकानावर पुढे दोन महिने 'झूलेलाल क्लॉथ स्टो' एवढंच लिहिलेलं होतं. शेवटचा 'र' दुसऱ्या पेंटरने घातला, तोही वेगळ्या वळणाचा.

साल 1976. मी सतरा वर्षांचा होतो. त्या दिवशी मला उस्तादांचा अभिमान वाटला होता, हे आधीच सांगून टाकतो. कलावंत असावा तर असा, असं मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "अॅडव्हान्स परत केला का?" केला नव्हता.

आम्ही अंबरनाथचे. वडील विमकोत, म्हणजे काडेपेटीच्या कारखान्यात. कारखाना मूळचा स्वीडिश मालकीचा. त्याच्या नावाचा विमको नाका अजून रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे. वडील कधीमधी खराब छपाईची लेबलं घरी आणायचे, जहाज छापलेली. मी ती पाटीवर गिरवायचो. काडेपेटी उघडली की आत सगळ्या काड्या सारख्याच, पण माणूस दुकानात मागताना 'जहाज दे' म्हणतो, हे तेव्हाच डोक्यात बसलं. दहावीत गटांगळी खाल्ली आणि वडिलांनी उल्हासनगरला उस्तादांच्या हाताखाली नेऊन घातलं. रोज चार रुपये आणि दुपारचा चहा.

ते उल्हासनगर म्हणजे पाट्यांचं गाव होतं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभारली होती, सैनिकांच्या बराकींची. फाळणीनंतर सिंधमधून आलेले लोक लाखाच्या घरात तिथे उतरवले. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी आले, कोनशिला बसली, कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. मी गेलो तेव्हाही बराकी उभ्या होत्या. कौलांना ताडपत्री, मधे गोणपाटाचे पडदे आणि दर्शनी बाजूला मात्र एक झोकदार पाटी. आत पापड लाटायचं काम चालू, बाहेर 'अमुक इंडस्ट्रीज'. शिकारपुरी, लारकानावाले, हैदराबादी. आणि हैदराबाद म्हणजे सिंधमधलं, दख्खनचं नव्हे, हे उस्तादांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. म्हातारे दुकानदार अरबी लिपीतल्या सिंधीत एक ओळ मागायचे. उस्तादांना ती लिपी वाचता येत नव्हती, पण कागदावरचं वळण बघून ते असं उतरवायचे की म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी येई. जी गावं मागे राहिली ती निदान दारावर तरी असावीत, एवढंच त्या माणसांना हवं होतं. 'मेड इन यू.एस.ए.'चा विनोद तुम्ही ऐकला असेल; यू.एस.ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. बाहेरचे लोक हे फसवणुकीचा किस्सा म्हणून सांगतात. ज्यांचं सगळं गेलं त्यांनी लेबलापासून सुरुवात केली, असं मी त्याकडे बघतो. लेबल आधी लावलं, मग मालही तसा करायला शिकले.

हे इतकं लांबण लावून सांगतो, कारण मोठेपणाची पाटी लावणारा प्रत्येक माणूस आजारी असतो असा समज अलीकडे फार पसरला आहे. मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून लोक सासूला, साहेबाला, नवऱ्याला 'नार्सिसिस्ट' ठरवून मोकळे होतात. मी जन्मभर लोकांच्या मोठेपणाच्या पाट्या रंगवल्या. हजारभर गिऱ्हाइकं झाली असतील. त्यात त्या जातीचा माणूस मला एकच भेटला, आणि तो गिऱ्हाईक नव्हता.

उस्तादांचा हात देवाचा होता, यात शंका नाही. पत्र्याला रेड ऑक्साईडचे दोन हात, पॉलिश पेपर, मग खडूची पूड लावलेलं सूत दोन टोकांना धरून टणकन सोडायचं; रेघ उमटली की अंदाजाने अक्षरं पाडायची. बाकीचे पेंटर आधी खडूने आराखडा काढतात, खोडतात. उस्ताद थेट ब्रश टेकवत. 'ळ'ची गाठ ते एका श्वासात काढत आणि ती बघायला शाळेतली पोरं थांबत. बघणारं कोणी असलं की त्यांचा हात आणखी सैल होई. कोणी नसलं की काम रटाळ होत असे, आणि मग ते ब्रश माझ्याकडे देऊन निघून जात. पहिल्या वर्षी त्यांनी मला डोक्यावर घेतलं. "माझ्यानंतर या लाइनीत तूच," असं चार लोकांत म्हणाले. मी महिनाभर जमिनीवर पाय टेकवले नाहीत.

दुसऱ्या वर्षी एका शाळेची पाटी आली. उस्तादांनी 'विध्यालय' लिहिलं. मी शिडीजवळ जाऊन हळूच म्हटलं, "उस्ताद, द ला य." त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि शाळेच्या शिपायासमोर, मुलांसमोर मला जे बोलले ते इथे लिहीत नाही. पाटी मीच पुसली, मीच नीट लिहिली. संध्याकाळी हेडमास्तरांना ते म्हणाले, "पोरगं नवीन आहे, चुकतं." पुढे आठ दिवस मला काम नाही, शब्द नाही. नवव्या दिवशी जणू काही झालंच नाही अशा आवाजात हाक. कोणी चूक दाखवली तर सगळ्यांनाच राग येतो, मलाही येतो. पण तो राग तासाभरात उतरतो आणि पोटात कुठेतरी आपण चुकलो हे कळतं. उस्तादांच्या पोटात ती जागाच नव्हती. चूक त्यांची होती हे ते दडवत नव्हते. रात्रीपर्यंत त्यांना खरोखरच वाटू लागे की लिहिलं मीच होतं.

वडील गेले तेव्हा उस्ताद अंबरनाथच्या स्मशानात आले होते. मोठं मन वाटलं. चिता पेटली, मी मडकं फोडून मागे आलो, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझ्या बापाच्या वेळी कल्याणात रस्ता बंद झाला होता, एवढी माणसं." मग ती माणसं कोण कोण होती ते सांगत राहिले. मी मान डोलावत राहिलो. शोक कोणाचा चालला आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. पुढे कित्येक वर्षं मला त्या वाक्याचा राग नव्हता, कोडं होतं.

कोड्याला नाव मिळालं ते फार उशिरा. माझी भाची बदलापूरला समुपदेशन करते; मानसशास्त्रात रीतसर शिकलेली, रुग्णालयातलं प्रशिक्षण घेतलेली. मी किस्से सांगत होतो, ती ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मामा, न बघितलेल्या माणसाचं निदान मी करणार नाही. पण तू सांगतोयस त्याला नाव आहे. नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर." मी मराठी शब्द विचारला. ती अडखळली. आत्मप्रौढी म्हणजे नुसती बढाई. आत्मरती पुस्तकी. स्वमग्नता म्हणावं तर तो शब्द आपण ऑटिझमला देऊन बसलो, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. बोलण्यात आपल्याकडे भाव खाणं आहे, हवा करणं आहे, शेखी, बडेजाव, मीपणा आहे. यातलं एकही आजाराचं नाव नाही. रामदासांनी मूर्खलक्षणांत स्वतःची स्तुती करणाऱ्याला पहिल्या काही ओळींतच बसवलंय. गीतेच्या सोळाव्या अध्यायातला आसुरी माणूस, मी धनवान, मी कुलवान, माझ्यासारखा कोण, असं म्हणत फिरतो. आपल्या परंपरेने या माणसाला ओळखलं होतं नक्की, पण मूर्ख म्हणून, असुर म्हणून. तो दुखणेकरी असेल हे कोणाला सुचलं नाही.

दुखणं म्हणायला पश्चिमेतही वेळच लागला. पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर भाळलेल्या नार्सिससची गोष्ट रोमन कवी ओव्हिडने लिहिली त्याला दोन हजार वर्षं झाली. तीत एक एको नावाची मुलगी आहे, तिला फक्त दुसऱ्याचे शेवटचे शब्द परत म्हणता येतात. भाचीने ही गोष्ट सांगितली तेव्हा ती पोरगी मला लगेच ओळखीची वाटली. 'वा उस्ताद' म्हणत मी शिडीखाली सहा वर्षं उभा होतो. 1898 साली हॅवलॉक एलिस या इंग्रज डॉक्टरने हे नाव वैद्यकात ओढलं, 1914 साली फ्रॉइडने त्यावर लांबलचक निबंध लिहिला. तरी 'व्यक्तिमत्त्वाचा विकार' म्हणून आजची मांडणी झाली ती 1960-70 च्या सुमारास अमेरिकेत, आणि ती करणारे दोघे म्हणजे हाइन्झ कोहुट आणि ओटो कर्नबर्ग.

इथे मी भाचीला थांबवलं, कारण तिने सहज एक गोष्ट सांगितली. दोघेही व्हिएन्नाचे ज्यू. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर दोघांनाही 1939 साली गाव सोडावं लागलं. कोहुट तेव्हा पंचविशीतला, इंग्लंडमार्गे शिकागोला पोचला. कर्नबर्ग दहा-अकरा वर्षांचा पोरगा, आईवडिलांबरोबर चिलीला. त्याच्या आदल्या वर्षी म्हातारा फ्रॉइड व्हिएन्ना सोडून गेला तेव्हा कोहुट स्टेशनवर गेला होता. गाडी हलताना त्याने हॅट उचलली आणि फ्रॉइडनेही उलट उचलली, असं तो पुढे सांगत असे. म्हणजे हेही कॅम्पातलेच लोक की! ज्यांची पाटी रातोरात उतरवली गेली त्यांनीच, माणसाला आपल्या नावाची एवढी भूक का असते, याचा विचार केला.

दोघांचं एकमेकांशी पटलं नाही ते वेगळं. कोहुट म्हणायचा, लहान मुलाला कोणीतरी कौतुकाने बघावं लागतं; 'बघ मी केलं' म्हटल्यावर समोरच्या चेहऱ्यावर उजेड दिसावा लागतो. तो दिसला नाही तर मूल मोठं होतं, भूक मात्र तेवढीच राहते. कर्नबर्ग म्हणायचा, एवढं सोपं नाही, यात हेवा आहे, संताप आहे, आणि आतला तो मोठा 'मी' म्हणजे दुसऱ्यावर कधी अवलंबून राहावं लागू नये म्हणून उभारलेला कोट आहे. मला दोन्ही पटतात. पावसाळ्यात एकदा बराकीत अडकलो होतो, वीज गेली होती, उस्ताद अंधारात म्हणाले, "बाप पहिल्या नंबराशिवाय बोलायचा नाही माझ्याशी. दुसरा आला तर ताट वाढलेलं असायचं पण बोलायचा नाही." मी काही बोलण्याआधी वीज आली. दुसऱ्या दिवशी तेच उस्ताद आपल्या बापाच्या अंत्ययात्रेला कोण कोण आलं होतं ते नव्या पोराला सांगत होते.

1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत हा विकार स्वतःच्या नावाने आला. आज त्या यादीत नऊ लक्षणं आहेत. त्यातली निदान पाच असावी लागतात, आणि तीही एखाद्या वाईट वर्षापुरती नव्हे, तरुणपणापासून, घरीदारी सगळीकडे. स्वतःचं महत्त्व फुगवणं, अमाप यशाची स्वप्नं, आपण खास आहोत आणि खास माणसांनीच आपल्याला ओळखावं, कौतुकाची न भागणारी भूक, आपल्याला रांग नाही असं गृहीत धरणं, दुसऱ्याला वापरून घेणं, त्याच्या जागी जाऊन न बघणं, हेवा, उद्धटपणा. यादी वाचताना मी बोटांवर मोजत गेलो. आठव्या बोटाला कॅम्प 4 मधला पेंटर आठवला, त्याला थेटराचं काम मिळालं तेव्हा उस्ताद म्हणाले होते, "माझा 'ळ' चोरला त्याने."

गंमत अशी की या नावाची पाटीही पक्की नाही. 2010 साली त्याच तज्ज्ञांनी हे नाव यादीतून काढायचं सुचवलं होतं. ओरड झाली, राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्याला कधी स्वतःचा खण मिळाला नाही, 'इतर'मध्ये बसवलं होतं. आणि 2022 पासून लागू झालेल्या नव्या यादीत त्यांनी असे प्रकार जवळजवळ सगळेच पुसले, आता आधी विकार सौम्य की तीव्र एवढं बघायचं. जुना बोर्ड घासून नवा लिहिला. पत्रा तोच.

आपल्याकडे पूर्वी वेड म्हटलं की 'ठाण्याला पाठवा' म्हणत. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 चं. उस्तादांना ठाण्याला न्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही. का येईल? धंदा चालू, कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं गोड, चौकात मान. भाचीच्या म्हणण्याप्रमाणे हेच या विकाराचं वैशिष्ट्य, की झळ आधी आजूबाजूच्यांना लागते. माणूस स्वतः आलाच तर दारूपायी येतो, उदासीमुळे येतो, बायको सोडून गेली म्हणून येतो. मोठेपणाची तक्रार घेऊन कोणी दवाखान्यात येत नाही. त्यावर खास गोळी नाही. बोलून उपचार करायचे, तेही वर्षानुवर्षं, आणि मधेच डॉक्टरलाच 'तुम्हाला काही कळत नाही' म्हणून सोडून जाण्याची भीती. काहींचा मोठेपणा तर बाहेर दिसतही नाही. लाजरा, चटकन दुखावणारा माणूस असतो, मनातल्या मनात सगळ्या जगाने आपला अपमान केलाय याचा हिशेब ठेवणारा. मी विचारलं, बदलतात का असे लोक? ती म्हणाली, काही बदलतात, हळूहळू. बदलापूरचं नाव तिथे घोडे बदलायचे म्हणून पडलं अशी दंतकथा आहे. माणसाला तेवढी सोय नाही.

आता बॅनरचं. 2000 नंतर पाच-सहा वर्षांत फ्लेक्सने आमचा धंदा झाडून नेला. दोन दिवसांचं काम मशीन वीस मिनिटांत थुंकू लागलं. मी कर्ज काढून एक जुनं मशीन घेतलं, मुलाला कोरलड्रॉ शिकवलं. आणि मग वाढदिवसांची लाट आली. 'युवकांचे हृदयसम्राट', 'गोरगरिबांचे आधारस्तंभ', 'भावी नगरसेवक'. लोक म्हणतात, बघा केवढा हा आत्मप्रेमाचा रोग. मी छापणारा आहे, मला आतली बाजू ठाऊक आहे. बॅनरवर सगळ्यात वर कोण असतं? गोल चौकटीत साहेब, त्यांचे साहेब, त्यांचेही साहेब. त्यांचा क्रम चुकला तर रात्री दोनला फोन येतो. खाली पोरांचे फोटो, 'शुभेच्छुक'. एक पोरगा आला होता, म्हणाला, "काका, माझं डोकं त्याच्यापेक्षा अर्धा इंच मोठं करा, तो नंतर आलाय ग्रुपमध्ये." म्हणून हसला. मीही हसलो. त्याला ते नाटक आहे हे ठाऊक होतं. बॅनर म्हणजे मी कोणाचा माणूस, हे सांगायची रीत.

ही रीत जुनी आहे, आणि तिचा नमुना आमच्या अंबरनाथलाच आहे. वालधुनीच्या काठच्या शिवमंदिरात उत्तरेच्या दारावर आतल्या अंगाला एक शिलालेख आहे, शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा. राजा मुम्मुणी शिलाहार. मंदिर त्याच्या भावाच्या, छित्तराजाच्या काळात सुरू झालं असं मानतात. या शिलाहारांच्या बिरुदांची माळ त्यांच्या ताम्रपटांत वाचावी: समधिगतपंचमहाशब्द, तगरपुरपरमेश्वर आणि आणखी किती. पंचमहाशब्द म्हणजे पाच वाद्यं वाजवून घ्यायचा मान, आणि तो असतो मांडलिकाचा, वरच्याने दिलेला. झालं की नाही साहेबांचा गोल फोटो? आणि तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. उत्तर कोकणच्या या राजांचं तिथे राज्य नव्हतं. पूर्वज तिथले, एवढीच सांगी. नऊशे वर्षांनी कॅम्प 3 मध्ये कौलाच्या बराकीवर मी 'शिकारपुरी' लिहिलं ते यापेक्षा वेगळं नव्हतं. मुम्मुणीला कोणी आजारी म्हणणार नाही, पापडवाल्याला म्हणू नये, आणि त्या अर्धा इंचवाल्या पोरालाही नाही.

बॅनरचे गुन्हे निराळे आहेत. शहरं विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात 1995 पासून कायदा आहे, 2017 साली मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांवर कडक आदेश दिले, आणि 13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं मेली. पण ते निष्काळजीपणाचे आणि लाचेचे विषय. मनाच्या विकाराच्या खात्यावर ते टाकले की खऱ्या गुन्हेगाराची सुटका होते.

विकार बॅनरवर दिसतच नाही. तो बॅनर उतरवल्यावर, दार लावल्यावर घरात दिसतो. उस्तादांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. उस्तादांना स्कूटर घ्यायची होती तेव्हा काकूंच्या बांगड्या गेल्या. काकूंना टायफॉइड झाला तेव्हा तिसऱ्या दिवशी उस्ताद मला म्हणाले, "हिच्या हातची चव गेली रे." मी चेहरा बघितला, विनोद नव्हता. पण अंगण सारवायला, पाहुण्यांना पाणी द्यायला, आणि उस्तादांनी तीच गोष्ट विसाव्यांदा सांगितली की योग्य जागी हसायला काकू हजर असत. मुलगा सोळाव्या वर्षी नाशिकला मामाकडे गेला तो परतला नाही. मी सहा वर्षं टिकलो आणि वेगळा झालो. उस्तादांनी गावभर सांगितलं की पोराने ब्रश चोरले. खारीच्या केसांचे दोन ब्रश माझ्याकडे होते खरे. त्यांनीच दिलेले, त्या डोक्यावर घेतलेल्या वर्षी.

फ्लेक्सला उस्ताद 'प्लास्टिकची लाज' म्हणत. 2011 साली पावसाच्या आधी ते माझ्या दुकानात आले. आधी मशीनकडे तुच्छतेने बघितलं, मग खुर्ची ओढून बसले, खिशातून एक जुना फोटो काढला. पंचाहत्तरी होती. स्वतःच्या वाढदिवसाचा बॅनर हवा होता, पाच बाय तीन. मजकूर त्यांनी वहीच्या कागदावर लिहून आणला होता: 'अक्षरसम्राट, कलामहर्षी'. अक्षर अजून तसंच, 'ळ' नव्हता म्हणून मला चुकल्यासारखं झालं. मुलाने सगळं मांडलं, फोटोवरच्या सुरकुत्या त्यांच्या सांगण्यावरून पुसल्या, आणि सवयीने विचारलं, "आजोबा, शुभेच्छुक कोण टाकू?"

उस्ताद पडद्याकडे बघत राहिले. पंखा चालू होता, मशीनचं थंड झालेलं डोकं टकटक करत होतं. इतका वेळ गप्प बसलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "लिही, समस्त शिष्यवर्ग." मग कोपऱ्याकडे बोट केलं, "आणि इथे माझी सही टाक. मोठी." मुलाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. वहीवरची सही स्कॅन करून वीतभर टाकली. पैसे त्यांनी दिले नाहीत, आम्ही मागितले नाहीत. दारातून बाहेर पडताना म्हणाले, "तुझ्या दुकानाचं भाग्य."

त्यांचा मला राग येतो का? येतो, अजून येतो. कीवही येते, आणि ती रागाला पुसत नाही. दोन्ही रंग एकाच पत्र्यावर राहतात. भाची म्हणते तेच बरोबर आहे, विकार समजून घेतला म्हणून विकाराने केलेलं नुकसान माफ करावं लागतं असं नाही, आणि मार खात राहावं असं तर मुळीच नाही.

तुमच्या घरात असं माणूस असेल तर त्याला लेबल चिकटवू नका; ते काम शिकलेल्याचं आहे, आणि भांडणात ते लेबल तुमच्यावरच उलटतं. त्याला डॉक्टरकडे न्यायच्या खटपटीत वर्षं घालवण्याआधी स्वतः कोणाशी तरी बोला. सरकारचा टेलिमानसचा नंबर 14416, दिवसरात्र चालू, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. ही सेवा 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. काकू 2009 साली गेल्या.